नैवेद्याच्या पुढचे वाक्य

मोशी,
रविवार, ७ सप्टेंबर २०२५

आदरणीय अर्जुनराव सरनोबत यांस,
सादर नमस्कार.

आपली माझी ओळख नाही, आणि तरीही मी आपल्याला लिहिते आहे, तेही तक्रारीच्या सुरात, याबद्दल प्रथम क्षमा मागते. समोरासमोर असते तर यातले एक वाक्यही माझ्या तोंडून निघाले नसते. शाळेत पहिला नंबर ठरलेला असायचा, पण बक्षीस घ्यायला पुढे जाताना माझे पाय कापायचे. ते अजून थांबलेले नाही. कागदावर मात्र मी थोडी धीट आहे. आपला ई-मेल पत्ता मी कार्यालयातल्या पत्रव्यवहारातून न विचारता घेतला, हेही आधीच सांगून टाकते.

मी विजयश्री सोपानराव माने. वडील मूळचे औसा तालुक्यातले; इथे कंपनीची बस चालवतात. मी मराठी माध्यमात शिकले, मराठीतच एम. ए. केले आणि सध्या चाकणला मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मनुष्यबळ विभागात काम करते. मूळ मालक जर्मनीत असतात. त्यांच्याशी इंग्रजीत बोलणारे बरेच जण आहेत. कामगारांसाठी मराठी सूचना लिहायला मी एकटीच आहे. ‘प्रेसमध्ये हात घालू नये’ ही पाटी माझ्या अक्षरात आहे.

‘उगवतीकडे पाठ’ ही आपली कादंबरी मला दहावीत पहिली आले म्हणून शाळेने दिली होती. त्या सुट्टीत मी ती इतक्या वेळा वाचली की आई म्हणाली, “अगं, पुस्तक आहे की पोथी?” आपला यशवंत शिकायला जर्मनीत जातो, सहा वर्षे राहतो, तिथल्या बर्फात त्याला इथले ऊन आठवते आणि इथे आल्यावर इथल्या धुळीत तिथली शिस्त, त्याला कुठेच घर उरत नाही. ‘मी कोण? पूर्वेचा की पश्चिमेचा?’ असे तो विचारतो तेव्हा मला वाटायचे, हा माझाच प्रश्न आहे. मी तर तेव्हा औसा आणि मोशी यांच्यापलीकडे काही पाहिले नव्हते.

गेल्या आठवड्यात मी ती पुन्हा वाचली. आवडीने नाही, आमच्या विभागप्रमुखांनी, दिग्विजय सरांनी, सांगितले म्हणून. खंडेनवमीला कारखान्यात यंत्रपूजा असते. यंदा जर्मनीहून पाहुणे येणार आहेत आणि त्यांच्यासमोर आपल्या कादंबरीतला एक उतारा वाचायचा आहे. वाचणार मी. मागे पडद्यावर इंग्रजी भाषांतर दिसेल. उतारा असा :

‘गोदाबाईने डाव्या हाताने नारळ फोडला. उजव्या हाताची पट्टी अजून ओलसर होती. “मशीननं आपला नैवेद्य घेतला,” ती म्हणाली. क्षणभर कुणीच बोलले नाही. मागे कुणीतरी हसले. मॅनेजरसाहेबांनी मान खाली घातली. यशवंताला वाटले, सहा वर्षे जिला आपण परक्या देशात शोधत होतो ती आपली भूमी हीच. तिथे माणूस यंत्राकडे हिशेब मागतो. इथे तो यंत्राला आपल्यातले देतो आणि हात जोडतो.’

माझ्या प्रतीत शेवटच्या वाक्याखाली पेन्सिलीची रेघ आहे. पंधराव्या वर्षी मीच ओढलेली. ती पाहून मला इतका संताप आला की खोडरबर शोधू लागले.

कारण असे. ऑगस्टमध्ये आमच्या प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या यंत्रांच्या विभागात, जयमालाताईंची उजव्या हाताची दोन बोटे गेली. जयमालाताई निघोज्याच्या, त्यांच्या सासरच्या शेतावरून आता आमच्या कारखान्याचा रस्ता जातो. प्रेसच्या तोंडाशी एक सेन्सर असतो. हात आत असला तर प्रेस खाली येऊ नये, एवढेच त्याचे काम. जयमालाताई म्हणतात, माल जास्त निघावा म्हणून तो बंद ठेवला होता. कंपनी म्हणते, सेन्सर चालू होता, बाईंचे लक्ष नव्हते. जयमालाताईंनी आपले म्हणणे बदलले नाही. आता ठरले आहे ते असे, की खंडेनवमीला त्यांचा साडी देऊन सत्कार करायचा, उतारा वाचायचा आणि त्यांनी, अगदी आपल्या गोदाबाईप्रमाणे, डाव्या हाताने नारळ फोडायचा. “अपघाताचं वातावरण एकदम बदलून जाईल,” असे दिग्विजय सर म्हणाले. त्यानंतर जयमालाताईंना कॅन्टीनमध्ये हलके काम मिळेल. सेन्सरविषयी त्यांनी पुन्हा बोलायचे नाही.

आपण कंपनीला उताऱ्याची परवानगी दिली आहे आणि प्रमुख पाहुणे म्हणून यायचेही मान्य केले आहे, असे समजले. आपल्याला यातले काही ठाऊक नसणार अशी माझी खात्री आहे. म्हणून हात जोडून विनंती करते : परवानगी मागे घ्यावी. आपले दोन ओळींचे पत्र पुरेल. लेखकच नको म्हणाला तर कुणाला पुढे बोलता येणार नाही.

लहान तोंडी एवढे लिहिले, राग मानू नये.

आपली वाचक,
विजयश्री माने


निगडी, प्राधिकरण,
गुरुवार, ११ सप्टेंबर २०२५

चि. विजयश्री हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र वाचून आनंद झाला. तक्रार असूनही झाला. आजकाल शुद्ध मराठीत कुणी रागावतही नाही. पुस्तक शाळेने बक्षीस दिले हे वाचून तर फारच बरे वाटले. चाळीस वर्षांपूर्वी ते आले तेव्हा त्यावर चर्चा झाल्या, परिसंवाद झाले. मग दोन पिढ्या त्याला विसरल्या. आता नवी आवृत्ती निघते आहे, त्यात तुमच्या कंपनीने पाचशे प्रती घेतल्याचा वाटा मोठा आहे, हे मी लपवत नाही.

त्या भगिनीच्या अपघाताबद्दल वाईट वाटले. परंतु एक गोष्ट नीट समजून घे. गोदाबाई ही व्यक्ती नाही, ते प्रतीक आहे. यशवंत पश्चिमेच्या बुद्धीने पोखरला गेला आहे; त्याला स्वीकार म्हणजे काय ते दाखवणारे कुणीतरी हवे होते. साहित्यातल्या एका प्रतीकाची कारखान्यातल्या सेन्सरशी सांगड घालणे हा वाचनाचा दोष आहे, आणि तो तुझ्यासारख्या हुशार मुलीने करू नये.

शिवाय ते वाक्य मी कल्पनेने रचलेले नाही. जर्मनीहून परतल्यावर मी पिंपरीत नोकरीला लागलो, तेव्हा तिथल्या यंत्रपूजेत एका बाईने ते माझ्यासमोर उच्चारले. मी या कानांनी ऐकले आहे. त्या क्षणी माझ्या अंगावर काटा आला होता. ज्या वाक्याने मला माझा देश परत दिला ते वाचू नका, असे मी कोणत्या तोंडाने सांगू?

तेव्हा परवानगी मागे घेणे मला प्रशस्त वाटत नाही. उलट मी म्हणेन, उतारा तू वाच, आणि निर्भयपणे वाच. त्याने तुझा बुजरेपणाही जाईल. कार्यक्रमात भेटूच.

शुभचिंतक,
अर्जुनराव सरनोबत


मोशी,
रविवार, १४ सप्टेंबर २०२५

आदरणीय अर्जुनराव यांस,
सादर नमस्कार.

आपले उत्तर घेऊन मी काल निघोज्याला जयमालाताईंकडे गेले. माझ्यापेक्षा त्यांना ते वाचण्याचा अधिक हक्क आहे असे मला वाटले. कादंबरीही बरोबर नेली होती. त्यांच्या सासूबाई, मंजुळाबाई, ओसरीवर लसूण सोलत होत्या.

“वाच की मोठ्यानं,” त्या म्हणाल्या. “आमच्या सुनंवर कादंबरी निघालीय म्हनत्यात.”

“अवो आत्या, माज्यावर न्हाई. ही लई जुनी हाय,” जयमालाताई म्हणाल्या.

“मंग दुसऱ्या कुनाची तरी सून आसंल. वाच.”

मी वाचले. हात जोडण्यापर्यंतचे सगळे वाचले. मंजुळाबाईंनी लसणाची पाकळी खाली ठेवली. “नैवेद्य आपुन दावतो गं बाय. द्येव काय हात तोडून घेतोय व्हय?”

जयमालाताईंनी पुस्तकात डोकावून पाहिले. मग म्हणाल्या, “आन् मंग?”

“मग काय?”

“मंग ती काय बोलली? एवढं बोलून गप बसली?”

“पुस्तकात एवढंच आहे, ताई.”

“बोटं तुटल्याली बाई एवढंच बोलंल?” त्या हसल्या. “मी दवाखान्यात शुद्धीवर आले तवा पयलं काय बोलले ठावं हाय? लिहायला गेलीस तर तुजं पेन मोडंल.”

“नरसबाई पळून गेली व्हती,” मंजुळाबाईंनी भर घातली.

परत येताना बसमध्ये मी तो परिच्छेद पुन्हा काढला, आणि दहा वर्षांत जे दिसले नव्हते ते मला दिसले. अर्जुनराव, आपली गोदाबाई म्हणते, ‘मशीननं आपला नैवेद्य घेतला.’ यानंतर क्षणभर कुणीच बोलत नाही. ठीक. मग मागे कुणीतरी हसते. का हसते? एका जखमी बाईच्या श्रद्धेला कामगार हसतील? आणि मॅनेजरसाहेब मान खाली घालतात. का घालतात? बाईने त्यांना क्षमा केली असेल तर त्यांनी सुटकेचा श्वास सोडायला हवा. मागचे लोक हसतात आणि पुढचे साहेब खाली पाहतात, असे फक्त एकाच वेळी घडते, आणि ते आमच्या कारखान्यात महिन्यातून एकदा तरी घडते : एखादी बाई साहेबाला तोंडावर सुनावते तेव्हा.

त्या बाईने पुढे काहीतरी म्हटले होते. आपण या कानांनी ऐकले म्हणता, तर तेही ऐकले असणार. आपण वाक्य गाळलेत आणि त्याचा परिणाम मात्र पानावर तसाच राहू दिलात. कृपा करून कळवावे : ती काय म्हणाली होती?

‘प्रतीक’ या शब्दाविषयीही लिहिल्याशिवाय राहवत नाही. आपल्या कादंबरीत यशवंताला तीनशे पाने आहेत. त्याला शंका आहेत, आठवणी आहेत, दोन भाषा, दोन शहरे आणि एक जर्मन प्रेयसी आहे. गोदाबाईला एक वाक्य आहे, आणि तेही, मला आता वाटते, अर्धे. विचार करायला पश्चिमेहून आलेला पुरुष आणि सोसायला पूर्वेची बाई, अशी वाटणी कुणी केली? आपणच केलीत. मग ‘पूर्व सोसते’ असा शोध आपल्याला लागला यात नवल काय?

आणि हा शोध कुणाला आवडतो तेही पाहा. दिग्विजय सरांनी सांगितले की जर्मनीतल्या कारखान्यात सेन्सर बंद असेल तर प्रेस सुरूच होऊ देत नाहीत. “तिकडचं तिकडे,” ते म्हणाले, “आपल्या लोकांची मानसिकता वेगळी आहे.” आपल्या सुंदर वाक्याचे कारखान्यातले भाषांतर हे असे आहे. सेन्सरला पूर्व-पश्चिम कळत नाही, अर्जुनराव. त्याला फक्त हात कळतो.

एक गोष्ट आपण यंत्रपूजेविषयी लिहिलेलीच नाही, बहुधा कुणी सांगितली नसेल. आमच्या प्रेस शॉपमध्ये ज्या मशीनवर जो काम करतो, तोच त्या मशीनचा नारळ फोडतो. साहेबाने फोडलेला चालत नाही. आदल्या दिवशी मशीन थांबवून, उघडून, पुसून घेतात. काय सैल झाले, काय तुटले ते चालवणारा सांगतो. मेन्टेनन्सवाले दुरुस्त करतात. त्याचे समाधान झाले की तो दुसऱ्या दिवशी नारळ फोडतो आणि मगच मशीनचा पहिला ठोका पडतो. यंदा वेळ वाचवण्यासाठी आदल्या दिवशीचे थांबवणे रद्द झाले आहे. पूजा मात्र मोठी होणार आहे.

नवरात्राला आठ दिवस उरले आहेत. परवानगी मागे घ्यावी ही विनंती मी पुन्हा करते. यावेळी हात जोडलेले नाहीत, याची क्षमा असावी.

विजयश्री माने


निगडी, प्राधिकरण,
सोमवार, २२ सप्टेंबर २०२५

विजयश्री,

आठ दिवस उत्तर लिहिले नाही, कारण काय लिहावे ते ठरत नव्हते. आज घटस्थापना, लांबवणे योग्य वाटले नाही.

तू दाखवलेली जागा मी पुन्हा वाचली. चाळीस वर्षांत एकाही समीक्षकाने ती दाखवली नव्हती. ती बाई पुढे काही म्हणाली असावी. लोक हसले होते हे मला स्पष्ट आठवते, म्हणूनच ते लिहिले गेले. ती काय म्हणाली ते आठवत नाही. खरेच आठवत नाही. तेव्हाही मी ते नीट ऐकले होते की पहिल्या वाक्यातच अडकून पडलो होतो, हे आता सांगता येणार नाही.

परवानगी मागे घेता येत नाही. प्रकाशकांशी बोललो, प्रती छापून झाल्या आहेत आणि तुमच्या कंपनीला दिलेला शब्द मोडला तर उरलेल्या आवृत्तीचे काय होईल हे ते सांगू शकत नाहीत. माझ्या वयाच्या लेखकाला दुसरी संधी मिळत नसते, हे तू अजून काही वर्षांनी समजशील.

कार्यक्रमाला मात्र येणार नाही. रक्तदाब वाढला आहे, डॉक्टरांनी प्रवास नको म्हटले आहे. कंपनीला तसे कळवले आहे.

तू पुस्तक चांगले वाचतेस. पण कादंबरीने कारखाना चालवावा अशी अपेक्षा करू नये.

अर्जुनराव सरनोबत


मोशी,
बुधवार, १ ऑक्टोबर २०२५

अर्जुनराव यांस,
नमस्कार.

निगडीहून चाकणला येण्याएवढाही प्रवास तुमच्या डॉक्टरांनी नको म्हटला, म्हणून आज काय झाले ते तुम्हांला घरी पोचवते आहे. कादंबरीने कारखाना चालवू नये हे मला मान्य आहे. आमच्याकडे तो तिने चालवावा असे ठरवणारी मी नव्हते.

प्रेस शॉपमध्ये मांडव घातला होता. झेंडूच्या माळा, रांगोळी, पाहुण्यांना फेटे. जयमालाताईंची प्रेस मधोमध, कारण तिच्यासमोर कॅमेऱ्याला जागा होती. बाजूच्या टेबलावर तुमच्या कादंबरीच्या प्रती लाल फितीने बांधून ठेवल्या होत्या, एकावर एक. सत्कार झाला. साडी जांभळी होती. जयमालाताईंनी ती डाव्या हाताने घेतली तेव्हा टाळ्या वाजल्या आणि दिग्विजय सर फोटोवाल्याला म्हणाले, “हे घेतलंस ना?”

मग माझे नाव पुकारले.

तुम्हांला न सांगता मी एक बेत केला होता. उतारा वाचताना नैवेद्याच्या वाक्यावर थांबायचे आणि म्हणायचे : ‘यापुढे ती बाई काहीतरी बोलली होती. ते लेखकाने लिहिलेले नाही.’ एवढेच. घरी आरशासमोर मी ते इतक्या वेळा म्हटले होते की वडील बाहेरून म्हणाले, “विजू, भांडतेस कुणाशी?” माईकसमोर उभी राहिले आणि नेहमीचे झाले. आवाज मलाच ऐकू येईना. तरी वाचत गेले. ‘मशीननं आपला नैवेद्य घेतला’ इथे आले आणि थांबले. थांबण्यापर्यंतचे जमले. पुढचे शब्द तोंडातून निघाले नाहीत. मी नुसती उभी राहिले. मागे पडद्यावर भाषांतर पुढे सरकले. जर्मन पाहुणे हात जोडण्यापर्यंत पोचले असावेत, कारण त्यातल्या एका बाईंनी खरोखरच हात जोडले. त्या क्षणी मला रडू आले असते, पण रागाने येऊ दिले नाही.

“वाच ना,” दिग्विजय सर दातांतून म्हणाले. मी नाही म्हणून मान हलवली. तेवढेच मला करता आले.

“ऱ्हाऊ द्या, सर. पोरगी दमली,” जयमालाताई म्हणाल्या आणि पुढे येऊन त्यांनी ताटातला नारळ उचलला. सरांचा चेहरा उजळला. कॅमेरेवाला खाली बसला. जयमालाताईंनी नारळ प्रेसवर आपटला नाही. तो कडेवर घेतला, लेकराला घेतात तसा, आणि उभ्या राहिल्या.

“फोडा, जयमालाताई.”

“न्हाई फोडत.”

“अहो, पाहुणे थांबलेत.”

“थांबू द्या की. फेटं बांधल्यात, बसत्याल घटकाभर. सर, ह्याचा शेन्सर चालू हाय का?”

“चालूच आहे. तेव्हाही होता. आत्ता तो विषय नको.”

“चालू हाय तर तुमचा हात घाला आत. मी पेडल दाबते. मशीन थांबलं की नारळ फोडते. डाव्या हातानं, उजव्या हातानं, म्हनाल त्या हातानं.”

मागे कुणीतरी हसले.

अर्जुनराव, मी माईकजवळच होते. ते हसू मी ऐकले, आणि दिग्विजय सरांची मान खाली गेली तीही पाहिली. तुमच्या परिच्छेदातल्या दोन्ही गोष्टी माझ्या डोळ्यांसमोर त्याच क्रमाने घडल्या. फक्त मधले वाक्य गाळायला कुणी नव्हते.

पाहुण्यांनी विचारले, बाई काय म्हणतात. सरांनी इंग्रजीत सांगितले की त्या फार भावुक झाल्या आहेत. मग त्यांनी स्वतःच जयमालाताईंच्या हातून नारळ घ्यायला हात पुढे केला. तेव्हा धोंडीबा मध्ये आले. धोंडीबा आमच्या प्रेस शॉपमधले सगळ्यांत जुने. “सायेब, ज्याचं मशीन त्याचा नारळ,” ते म्हणाले. “तुमी फोडला तर दुसऱ्या शिफ्टला ह्याला हात कोन लावनार?”

“धोंडीबा, तुम्ही तरी समजून घ्या राव.”

“समजून घ्यायाचं तर घेतो. हात घाला.”

सरांनी हात घातला नाही. घालू नयेच, मीही त्यांना घालू दिला नसता. पण त्यांनी तो मागे घेतला तेव्हा ते एक पाऊल मागे सरकले, आणि सेन्सर चालू असता तर सरकायची गरज नव्हती, हे फेटे बांधलेल्यांनाही दिसले.

“हात ऱ्हाऊ द्या,” जयमालाताई म्हणाल्या. त्यांनी टेबलावरची एक प्रत घेतली, फीत दाताने ओढून काढली आणि पुस्तक प्रेसच्या तोंडात ठेवले, जिथे त्यांचा हात होता तिथे. “धोंडीबा, मशीनचं बटन चालू करा.” पायाने पेडल दाबला.

सेन्सर चालू असता तर मध्ये काहीही आले की प्रेस थांबायला हवी होती; ती थांबली नाही. एक ठोका पडला. मांडवाची माळ हलली. प्रेस वर उचलली गेली तेव्हा तुमच्या कादंबरीतून दाराच्या बिजागरीच्या आकाराचा तुकडा आरपार कापून खाली पडला होता. तोच भाग आम्ही बनवतो.

पडद्यावर तुमचे शेवटचे वाक्य इंग्रजीत तसेच उभे होते. हात जोडलेल्या बाईंनी हात सोडले, उठल्या, प्रेसजवळ येऊन वाकून पाहिले आणि सरांना काहीतरी विचारले. त्या बाईंना काय कळले ते मला ठाऊक नाही, आणि त्यांनी आम्हांला वाचवले असे कृपया कुठे लिहू नका. त्यांच्याआधी बाकीच्या प्रेसवरच्या बायकांनी आपापले नारळ ताटात परत ठेवले होते. कुणी कुणाला सांगितले नाही. पुरुषांनीही ठेवले. धोंडीबांनी वीज बंद केली.

दुपारची शिफ्ट आली आणि न फुटलेले नारळ पाहून दारातच बसली. चार वाजता मेन्टेनन्सवाल्यांनी एकेक प्रेस उघडायला घेतली. आदल्या दिवशी जे करायचे ते आज करताहेत. मी निघाले तेव्हा तीन प्रेस झाल्या होत्या. जयमालाताई खुर्ची टाकून समोर बसल्या आहेत, जांभळी साडी पिशवीत घालून. प्रत्येक सेन्सरसमोर झाडूचा दांडा घालून बघतात. “माजा नारळ सगळ्यांत शेवट,” असे त्यांनी जाहीर केले आहे. सेन्सर बंद होता, हे त्यांचे म्हणणे आता त्यांच्या एकटीचे राहिलेले नाही.

तुम्ही लिहिले होते, इथे माणूस यंत्राला आपल्यातले देतो आणि हात जोडतो. वर्षातून एक दिवस असा आहे की चालवणाऱ्याने ‘हो’ म्हटल्याशिवाय यंत्र चालत नाही. इतक्या लोकांनी मिळून सांभाळलेली ही गोष्ट तुमच्यासमोर घडत होती, आणि तुम्हांला तीत शरणागती दिसली. यशवंताला आपला देश हवा होता. पण देश समोर उभा राहून बोलू लागला तेव्हा त्याने अर्धेच ऐकले. मला आता त्याच्या प्रश्नाची कीव येत नाही, रागच येतो. तो पूर्वेचा की पश्चिमेचा, हे त्याने त्या बाईला विचारायला हवे होते. तिने त्याला दोन्हीकडून उत्तर दिले असते.

दिग्विजय सरांनी मला शुक्रवारी भेटायला सांगितले आहे. काय होईल ते माहीत नाही. आईला अजून सांगितलेले नाही. वडिलांना कळले आहे, कारण दुसऱ्या शिफ्टची बस त्यांचीच होती, घरी आल्यावर ते फक्त एवढेच म्हणाले, “जेवलीस का?”

कापलेली प्रत जयमालाताईंनी मला दिली. “तुज्या लेखकाला धाड,” त्या म्हणाल्या. ती दसऱ्यानंतर टपालाने पाठवते. तुम्हांला सोने म्हणून दुसरे काय द्यावे, मला सुचत नाही. नैवेद्याच्या पानावर मधोमध भोक आहे. गोदाबाईचे नाव एका काठाला राहिले आहे आणि मॅनेजरसाहेबांची मान दुसऱ्या काठाला.

तिचे पुढचे वाक्य तुम्हांला आठवत नाही. जयमालाताईंचे मी वर पूर्ण लिहिले आहे, जसे बोलल्या तसे. पुढच्या आवृत्तीत घ्यायचे तर घ्या. तोडायचे असेल तर घेऊ नका.

विजयश्री सोपानराव माने

पाठवले : बुधवार, १ ऑक्टोबर २०२५, रात्री आठ वाजून दहा मिनिटे.